माणूस राहिला, जागा गेली

कारखान्यातील कपात म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गेटवर लागलेली नावांची यादी येते. आज आम्ही अशा कपातीबद्दल लिहीत आहोत, जिची यादी कुठे लागतच नाही.

रांचीचे हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन १९५८ साली उभे राहिले. पोलाद कारखान्यांची आणि खाणींची अवजड यंत्रे या सरकारी कारखान्यात घडली. एके काळी तेथे वीस हजारांवर कामगार होते. २०२३ साली तीन हजारांच्या आसपास उरले, आणि त्यांचेही कित्येक महिन्यांचे पगार थकले होते.

मधले हजारो गेले कुठे? पुष्कळजण वयाने निवृत्त झाले, काहींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. (स्वेच्छा कोणाची, हे विचारू नये!) रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत. काम निघाले की ठेकेदाराची माणसे आली. मग मोर्चा न्यायचा तरी कोणावर?

यात आपल्या घरांचे काय गेले ते पाहा. केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या १९९० साली, धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी. आणि १९९१ साली नवे औद्योगिक धोरण आले, सरकारी कारखाने आवरते घ्यायला सुरुवात झाली. आपल्याला पंगतीत बसायला सांगितले आणि पत्रावळ्या उचलायला घेतल्या! राखीव जागा मोजतात त्या कायम जागांवर. निवृत्त फिटरची जागाच रद्द झाली, तर पंधरा टक्के कशाचे काढणार? ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली नसते.

आपली आय.टी.आय. झालेली मुले आज अशाच ठेकेदारांकडे जातात. जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. घरात चूल पेटायला हवी. पण पहिल्याच महिन्यात पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा नंबर मागून घ्यावा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कारखान्याने द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, २०२० च्या नव्या संहितेतही आहे. मात्र आपण तेथे राबलो याचा पुरावा लागतो. म्हणून हजेरी कार्डाची झेरॉक्स काढून आईजवळ, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला द्यावी.