कात्रण कोणाचे?

वर्तमानपत्र ग्रंथालयाने विकत घेतले, तेव्हा त्यातले कात्रणही ग्रंथालयाचेच, हा समज आपल्या व्यवसायात मुरलेला आहे. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावी त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे असो की कापसाचा भाव, या मुलखाविषयीचे कितीतरी लेखन फक्त वर्तमानपत्रांत आहे. ग्रंथपालाने ते कापून चिकटवले नाही, तर रद्दीवाला नेतो. मात्र वाचकासाठी कात्रण जपणे ही एक गोष्ट झाली. त्याच फाइलीतले पाच-सहा लेख ग्रंथालयाच्या स्मरणिकेत छापून तळाशी ‘साभार’ लिहिणे ही दुसरी. जपण्याला कायद्याची हरकत नाही. स्मरणिकेसाठी परवानगी लागते आणि ती बहुधा वर्तमानपत्राच्या कार्यालयात मिळणारी नसते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ आपल्याकडे फारसे कोणी उघडत नाही. नोकरीतल्या पत्रकाराने त्या नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरताच असतो. इतर बाबतींत पहिला हक्कदार लेखकच. बाहेरच्या लेखकाने तर हक्क लेखी करून दिला नसेल, तर तो पूर्णपणे त्याच्याकडेच राहतो. म्हणजे जिल्हा कार्यालयातून फोनवर मिळालेले ‘छापा की, काय बिघडते’ हे औदार्य दुसऱ्याच्या मालाचे असू शकते. यावर जाणकार ग्रंथपाल कलम ५२ पुढे करतात: चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयांवरचा लेख, लेखकाने हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर, पुन्हा छापता येतो. हे खरे, पण ती सवलत वर्तमानपत्रे, मासिके आणि इतर नियतकालिके यांच्यासाठी आहे. सुवर्णमहोत्सवात एकदाच निघणारी स्मरणिका नियतकालिक कशी ठरेल? शिवाय तीस वर्षांपूर्वीचा लेख ‘चालू’ विषयावरचा म्हणणे अवघडच.

त्याच कलमात आपल्या खऱ्या उपयोगाची तरतूद आहे, ती मात्र दुर्लक्षित राहते. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी ती संगणकात साठवता येते. कायद्यात ही भर २०१२ च्या दुरुस्तीने पडली. तेव्हा बांधीव अंक खुशाल स्कॅन करावेत. पण तो स्कॅन व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे जतनात बसत नाही, आणि छापील अंक नसताना ई-पेपरची पीडीएफ उतरवून ठेवणेही या तरतुदीत येत नाही.

गावच्या स्मरणिकेवर खटला कोण भरणार, हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि बहुधा खराही. पण आपण पुस्तकांचे राखणदार. कोणी पकडत नाही म्हणून चालते, हे उत्तर आपल्या तोंडी शोभत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लेखक सापडतच नाही. अशा वेळी लेखातली माहिती आपल्या शब्दांत मांडून वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख द्यावी. हक्क मांडणीवर असतो, घटनांवर नाही. सापडणाऱ्या लेखकाला मात्र दोन ओळींचे पत्र लिहिण्याचा आळस क्षम्य नाही, आणि त्यासाठी कात्रण चिकटवतानाच तारीख, पान व लेखकाचे नाव नोंदवलेले हवे. निम्म्या फाइलींत वर्तमानपत्राचे नावही कात्रीखाली गेलेले असते!

जुने ते सगळे मोकळे, हाही भ्रमच. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. लोकमान्य टिळक १९२० मध्ये गेले, त्यांचे लेख कोणीही छापावेत. यवतमाळात ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू करणारे लोकनायक बापूजी अणे यांचे निधन २६ जानेवारी १९६८ चे. म्हणून त्यांच्या सहीचा लेख जिल्ह्यातल्या कुठल्याही स्मरणिकेला ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत वारसांना विचारूनच घ्यावा लागेल.