सूरगाठी : दोन बोटं आणि जडशीळ सूर



दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे पुण्याला गेलो होतो. भाचा यंदा दहावीत आहे. त्याच्या खोलीतून धडाम् धडाम् असा आवाज येत होता. ताई वैतागून म्हणाली, "तूच बघ बाबा! हा अभ्यासाला बसलाय की गिरणी चालवतोय, तेच कळत नाही."

मी आत गेलो. भाचा म्हणाला, "मामा, आधी पाच मिनिटं ऐक. मग काय रागवायचं ते रागव."

मी ऐकलं. आणि गंमत सांगू का? ताईचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं! ते संगीत खरोखरच कारखान्यांच्या गावात जन्मलं होतं.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचं शहर आहे. तिथला अॅस्टन हा कामगारांचा भाग. धुराडी, लोखंडाचे कारखाने आणि दाटीवाटीची घरं. तिथे टोनी आयोमी नावाचा मुलगा राहायचा. तो डावखुरा होता, म्हणजे डाव्या हाताने गिटार छेडायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या. पोटासाठी तो पत्र्याच्या कारखान्यात काम करी. १७ वर्षांचा असताना त्याला एका वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर जायची संधी मिळाली. कारखान्यातला शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तो जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धं टाकू नये. तो परत गेला. त्या दिवशी एक कामगार आला नव्हता, म्हणून टोनीला नेहमीचं काम सोडून पत्रा दाबायच्या यंत्रावर उभं केलं. यंत्र खाली आलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटून गेली. तारा दाबायची तीच बोटं!

डॉक्टरांनी सांगितलं, आता गिटार विसर.

तो खचून घरी बसला. तेव्हा कारखान्यातला मुकादम एक तबकडी घेऊन आला आणि ऐकच म्हणाला. टोनीने नाइलाजाने ऐकली. वादक फार सुरेख वाजवत होता. मग मुकादमाने सांगितलं, हा जँगो राइनहार्ट. आगीत याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी हा असं वाजवतो!

टोनी उठला. त्याने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची बोटावर बसतील अशी टोपणं केली, घासून घासून गुळगुळीत केली आणि जुन्या जाकिटाचं चामडं वर चिकटवलं. झाली नवी बोटं! पण जाड तारा दाबताना दुखायचं. गिटारच्या पातळ तारा तेव्हा सहज मिळत नसत. मग त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या.

पुढे १९६८ मध्ये अॅस्टनचीच चार पोरं एकत्र आली. टोनी गिटारवर, गीझर बटलर बेस गिटारवर, बिल वॉर्ड ड्रमवर आणि गाणारा ऑझी ऑस्बॉर्न. कोणीही संगीताच्या शाळेत शिकलेलं नव्हतं. १९६९ मध्ये त्यांनी एका भयपटाच्या नावावरून आपल्या चमूचं नाव ठेवलं : ब्लॅक सॅबथ. त्यांना वाटलं, लोक पैसे देऊन भीतिदायक सिनेमे बघतात, मग भीतिदायक संगीत का ऐकणार नाहीत? पहिली तबकडी त्यांनी जवळजवळ एका दिवसात वाजवून संपवली. ती १९७० च्या फेब्रुवारीत निघाली.

आता शाळेत पेटी असेल तर एक प्रयोग करा. सा धरून ठेवा आणि त्याबरोबर तीव्र म दाबा. अंगावर काटा येतो की नाही? त्यांच्या पहिल्याच गाण्यात हेच अंतर आहे. युरोपातले जुने संगीतकार त्याला सैतानाचं अंतर म्हणत. आपल्याकडे मात्र तोच तीव्र म यमनात आला की किती गोड लागतो! म्हणजे सूर वाईट नसतो. त्याला कोणाशेजारी बसवलं, त्यावर सगळं असतं.

दुसरा प्रयोग. पांढरी तीन दाबा. मग एकेक पट्टी उतरत, तीन पट्ट्या खाली, काळी एकवर या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तबकडीत टोनीने काही गाण्यांसाठी गिटार एवढी खाली उतरवली. तारा सैल झाल्या, दुखऱ्या बोटांना त्या दाबायला सोप्या गेल्या आणि आवाज एकदम जडशीळ झाला. इतर बँडवाले द्रुत लयीत धावत होते, तेव्हा हे चौघे अनेकदा विलंबित लयीत, चिखलातून हत्ती चालावा तसे चालले. पुढे यातूनच 'डूम मेटल' नावाचा प्रकार निघाला. डूम म्हणजे घोर संकट. अमेरिकेतल्या सेंट व्हायटस, स्वीडनच्या कँडलमास अशा चमूंनी १९८० नंतर ही वाट आणखी पुढे नेली.

पण हे चौघे एकाच जागी थांबले नाहीत. १९७२ मध्ये त्यांनी पियानोवरचं हळवं गाणं केलं. १९७३ मध्ये व्हायोलिनं आणली, १९७५ मध्ये समूहगायन आणलं. त्यांची सगळी गाणी भुताखेतांची होती असंही नाही. १९७० च्या 'वॉर पिग्ज'मध्ये तर गरिबांच्या पोरांना लढाईवर धाडणाऱ्या बड्या लोकांचा राग आहे.

आता पालकांसाठी एक गोष्ट, लपवून न ठेवता. पैसा आला तशी दारू आणि अमली पदार्थही आले. त्यापायी संगीत भरकटलं आणि १९७९ मध्ये ऑझीला काढून टाकावं लागलं. त्याच वर्षी रॉनी जेम्स डिओ हा नवा गायक आला, तेव्हा चाल बदलली. गाणी उंच आणि वेगवान झाली. नंतर कितीतरी माणसं आली नि गेली. सगळ्या काळात टिकून राहिला एकटा टोनी. १९९७ मध्ये जुने चौघे पुन्हा एकत्र आले. २०१२ मध्ये टोनीला कर्करोग झाला, तरी उपचार घेता घेता त्याने '१३' ही तबकडी पुरी केली. ती २०१३ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. शेवटी ५ जुलै २०२५ रोजी अॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानात चौघे एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑझीला पार्किन्सनचा आजार होता, म्हणून तो खुर्चीत बसून गायला. १७ दिवसांनी तो गेला.

हे सगळं ऐकून मी गप्प झालो. भाच्याला वाटलं, मामाला आवडलं नाही. पण मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवत होता.

तो चौथीत आहे. पावसाळ्यात कडबाकुट्टीत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याआधी आमच्या शाळेच्या भजनात ढोलकी त्याचीच असायची. जखम भरल्यावर तो शाळेत आला आणि मी प्रेमाने ढोलकी दुसऱ्याला दिली. याच्या हातात टाळ ठेवले. म्हटलं, पोराला त्रास नको. त्याने टाळ वाजवले, पण वाजवून झाल्यावर हात खिशात घालायचा. मला वाटायचं, लाजतो. मुकादमाने टोनीला तबकडी नेऊन दिली होती. मी काय दिलं? टाळ!

सुट्टी संपल्यावर मी त्याला ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, "ढोलकी वाजवून बघायचीय का?"

तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी, मी घरी डब्यावर वाजवतोच की. तुम्ही विचारलंच नाही."

आता तो शनिवारी ढोलकीवर बसतो. बोटांना चिकटपट्टी गुंडाळतो. चाटीवरचा बोल अजून नीट उमटत नाही. मग तो करंगळी वापरून बघतो, कधी हात तिरका धरतो. परवा मध्येच एक वेगळाच घुमारा निघाला. सगळी पोरं वळून बघायला लागली. तो मात्र वाजवण्यात गुंग. हात खिशात नव्हता.

मुलांनो, कडबाकुट्टीपासून लांब राहा आणि गाणी ऐकताना आवाज बेताचा ठेवा. आणि मोठ्यांनो, पोराच्या हातातून काही काढून घ्यायच्या आधी त्याला एकदा विचारा. हे मी मलाही सांगतोय.

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमचा,
गुरुजी