सही मिळते हो, सेवा कुठे मिळते?



मे महिना लागला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत पूर्वी एकच विषय असायचा, आजोळी कधी निघायचं. आता त्यात आणखी एक भर पडली आहे. "काका, नातवाचे शाळेचे सेवेचे तास करायचे आहेत, ओळखीत एखादी संस्था आहे का?" दोन-चार वाक्यं पुढे गेली की खरा प्रश्न कळतो. संस्था नको असते, सही करणारा हवा असतो. दोन दिवस जाऊन यायचं, चार फोटो काढायचे आणि वीस तासांचं सर्टिफिकेट घेऊन यायचं. स्पष्टच लिहितो, हे मला पटत नाही.

आधी शाळांची बाजू. हे खूळ काही काल-परवाचं नाही. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, कॉलेजांत एनएसएस सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास, हे तिथलं गणित. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने शाळांसाठी समाजोपयोगी उत्पादक काम सुचवलं. २०१८ पासून सीबीएसईने नववी ते बारावीला 'सेवा' याच नावाने हा भाग जोडला. ज्यांची नातवंडं अमेरिकेत मेरीलँडला आहेत त्यांना माहीत असेल, तिथे ७५ तास भरल्याशिवाय शाळा पूर्ण होत नाही. म्हणजे विचार सगळीकडे एकच आहे, मुलाला घराबाहेरचं जग दिसावं. आयबीवाल्यांच्या अभ्यासक्रमात पूर्वी १५० तासांची अट होती, पुढे त्यांनी तास मोजणं सोडलं आणि मूल काय शिकलं ते बघायला लागले. असं का करावं लागलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

माझी नोकरी बँकेत गेली. तिथे एक साधी गोष्ट शिकवतात, व्हाउचर असल्याशिवाय एंट्री नाही. पैसे जमा न होता पावती फाडली तर त्याला एकच नाव आहे. मग चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात आपण न केलेल्या कामाची पावती देतो, तेव्हा त्याला काय शिकवतो? तो हुशार असतो. त्याला कळतं की आई-बाबांनी, आजोबांनी मिळून हे जमवलं. सेवेच्या वहीतच तो पहिली खोटी एंट्री बघतो.

काम खरं आहे की नाही हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. मूल उद्या गेलं नाही तर तिथे कोणाचं काही अडेल का? नाही अडणार, तर ती सेवा नाही, सहल आहे. उलट संस्थेलाच भार. एक माणूस त्याला सगळं दाखवायला, चहा-पाणी विचारायला अडकतो. अनाथाश्रमात केळी वाटतानाचे फोटो तर नकोच. त्या मुलांनाही मान आहे.

आता आमच्या खजरान्यापुरतं सांगतो. गणपतीच्या देवळात बुधवारी आणि चतुर्थीला निर्माल्याचा ढीग पडतो. त्याचं खत होतं, पण आधी फुलांतून दोरा, रबर, प्लास्टिकची पिशवी वेगळी काढायला हात लागतात. सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. रोज घरात ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या इंदुरी मुलाला हे शिकवावं लागत नाही, फक्त आधी व्यवस्थापनाला विचारून, वार ठरवून घ्यावा.

दुसरं काम लेखनिकाचं. दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लिहून देणारा लागतो. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांत त्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी खाली शिकलेला असावा असं होतं आणि परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटं जास्त द्यावीत असं म्हटलं होतं. म्हणजे इथे आपण मोठी माणसं कामाचीच नाही, शाळकरी मूलच हवं! पुरवणी परीक्षा जून-जुलैत असतातच. त्याआधी महिनाभर त्या विद्यार्थ्याला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं तर दोघांचाही अभ्यास होतो. हे मूल आलं नाही तर अडतं, अगदी खरोखर अडतं.

तिसरं, बँकेत आणि पोस्टात फॉर्म भरून देणं. वस्तीतल्या बायका पैसे काढायची स्लिप हातात धरून लिहिणारा शोधत उभ्या असतात, हे मी इतकी वर्षं काउंटरच्या आतून पाहिलं आहे. नववी-दहावीचं मूल आठवड्यातून दोन सकाळी हे करू शकतं. फक्त तीन गोष्टी पक्क्या सांगायच्या: पिन विचारायचा नाही, ओटीपी बघायचा नाही, पैशाला हात लावायचा नाही. आणि मॅनेजरला आधी विचारायचं.

तुम्ही म्हणाल, काका, ४२ डिग्रीत पोराला कुठे पाठवायचं, कोचिंग आहे, मुलगी एकटी कशी जाईल? बरोबर आहे. म्हणूनच जवळचं काम घ्या, सकाळचं घ्या, दोन मुलं जोडीने पाठवा, पहिले दोन दिवस आजोबांनी बरोबर जावं. आपल्याला तरी कुठे ऑफिस आहे? आणि वीस तास दोन दिवसांत उरकण्यापेक्षा रोज एक तास, वीस दिवस. आरडी आणि एकदम जमा यातला फरक मी काय सांगू!

महाराष्ट्रात बाबा आमट्यांच्या सोमनाथला मे महिन्याच्या उन्हातच श्रमसंस्कार छावणी भरते, लांबलांबून तरुण पोरं जातात. आपल्याला तेवढं लांब जायला नको. या गावावर राज्य केलेल्या अहिल्याबाईंचा जन्मदिवस ३१ मे, ऐन सुट्टीतला. त्यांच्याविषयी माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला रस्त्यांवर माणसं असत, आणि महेश्वरच्या आसपास शेतात चालते बैल थांबवून त्यांना पाणी पाजलं जाई. बैलाकडून सर्टिफिकेट मिळत नाही.

यंदा त्या दिवशी हार-भाषणाबरोबर पोरांना एक पाणपोई सांभाळायला द्या. गणपतीच्या रस्त्यावर असो की नाहरशाह वलींच्या दर्ग्याकडे, तहान तीच आहे. माठ रोज घासायचा, भरायचा, झाकायचा, पाऊस पडेपर्यंत. रिकामा माठ बघून कोणी परत गेलं की मुलाला आपोआप कळेल, आपण नसलो तर काय होतं ते. मग वहीत तास लिहा, आणि खाली मी आनंदाने सही करीन.