भिंतीपलीकडचा रस्ता

परवा भाच्याने जिब्राल्टरहून फोटो पाठवले. पठ्ठ्या चक्क विमानाच्या धावपट्टीवर उभा! खाली एवढेच लिहिलेले, "मामा, हा ब्रिटिश हवाई दलाचा तळ आहे, आणि लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन यावरून घरी जातात. नाहीतर आपलं लोहगाव!"

त्याचा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. त्याचे आईवडील लोहगावात राहतात. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका संध्याकाळी भाऊजींच्या छातीत दुखू लागले. इस्पितळ विमाननगरच्या बाजूला. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर तीन किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये हवाई दलाचा तळ आणि सुमारे अडीच किलोमीटरची धावपट्टी. म्हणजे पश्चिमेला धानोरी-विश्रांतवाडीवरून जा, नाहीतर पूर्वेला वाघोलीच्या बाजूने वळसा घाला. आम्ही विश्रांतवाडीवरून निघालो. तास लागला. भाचा परदेशातून दर पाच मिनिटांनी फोन करत होता, "मामा, कुठे पोचलात?" आणि मी प्रत्येक वेळी खोटे सांगत होतो, "आलोच." भाऊजी वाचले. असो.

तरीही भाच्याला मी लिहिले, की बाबा रे, फोटो पाहिलास, त्यामागची कागदपत्रे पाहिली नाहीस. जिब्राल्टरची धावपट्टी ब्रिटिश संरक्षण खात्याची. गावातून स्पेनच्या हद्दीकडे जाणारा मुख्य रस्ताच तिला आडवा छेदत होता. विमान आले की फाटक पडायचे, रेल्वेच्या फाटकासारखे. यातून सुटायला त्यांनी "लष्कर चले जाव" म्हटले नाही. धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाखालून सुमारे ३५० मीटरचे भुयार काढायचे ठरवले, आणि त्याचा खर्च जिब्राल्टरच्या सरकारने उचलला. २००८ साली काम सुरू झाले, कंत्राटदाराशी बिनसले, २०११ मध्ये कंत्राट रद्द, मग लंडनच्या कोर्टात खटला. भुयार उघडले ते ३१ मार्च २०२३ रोजी! आता गाड्या खालून जातात, आणि पायी व सायकलवाले अजून वरूनच. जेमतेम पावणेसात चौरस किलोमीटरच्या प्रदेशाला याला पंधरा वर्षे लागली. पण रस्ता झाला, आणि तळही जागेवर राहिला.

आपल्याकडे काय होते? दोन घोषणा होतात. एक बाजू म्हणते, "सुरक्षेचा प्रश्न आहे." बस्स, विषय संपला. दुसरी म्हणते, "लष्कराने आमचा रस्ता अडवला." तिथेही विषय संपला. या दोन्ही घोषणांनी आजवर एक फूटही रस्ता बांधलेला नाही.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. २००२ साली सुखोई-३० एमकेआय विमाने हवाई दलात दाखल झाली ती याच लोहगावात. तिथे कोणालाही कुठूनही आत सोडा म्हणणे हा वेडेपणा आहे. पण "सुरक्षा" हा शब्द चर्चेची सुरुवात असावा, झाकण नव्हे. नेमका कुठला भाग नाजूक आहे, कुठला फक्त मोकळा पडून आहे, हे तळाचे अधिकारी नगरपालिकेच्या इंजिनिअरला बंद खोलीत तरी सांगू शकतात की नाही?

"तळ आधी होता, तुम्ही नंतर आलात," असेही ऐकवतात. हे निम्मे खरे. तळ १९३९ चा. विमाननगरच्या सोसायट्या नंतरच्या, कबूल. पण लोहगाव हे तुकोबांचे आजोळ! ते गाव नंतर आले म्हणणाऱ्याला मी इतिहासात नापास करीन. २०१७ मध्ये गाव पुरते पुणे महापालिकेत आले. कर पुण्याचा आणि वाट आडगावाची, हा कुठला न्याय?

आता आपल्याही कानाला खडा. भिंतीला टेकून इमारती कोणी बांधल्या? परवानग्या कोणी दिल्या? उघड्यावर कचरा टाकून विमानांच्या वाटेत घारी कोणी जमवल्या? फुकट रस्ता मागायचा आणि शेजारधर्म पाळायचा नाही, अशाला कुठलाही शेजारी दार उघडत नाही.

२०१८ साली संरक्षण खात्याने देशभरच्या छावण्यांमधले बंद रस्ते खुले करायचा हुकूम काढला. नागरिकांनी पेढे वाटले, लष्करी कुटुंबे नाराज झाली. का? कारण तो हुकूम होता, करार नव्हता. छावण्यांच्या २००६ च्या कायद्यात सुरक्षेखेरीज अन्य कारणाने रस्ता बंद करायचा नाही आणि आधी जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायच्या, असे लिहिलेले आहे. हवाई दलाच्या तळाला तो कायदा लागू नाही. पण दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यायचे हे त्यातले तत्त्व काही छावणीपुरते नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. रस्ता तळाच्या पोटातून नको, कडेने किंवा टोकाखालून द्या. जेवढी जमीन घ्याल तेवढ्या मोलाची जमीन किंवा बांधकाम हवाई दलाला द्या. नवी भिंत, दिवे, पहारा यांचा खर्च महापालिकेने करावा. युद्धाच्या काळात रस्ता बंद करायचा हक्क तळाला असावा, आणि तो कोणी, कसा वापरायचा हे लेखी असावे. करार मराठीत छापून चावडीवर लावा. फ्लेक्स मात्र लावू नका!

याला दहा वर्षे लागतील? लागू देत. पण बोलणी सुरू झाल्याशिवाय ती दहा वर्षे मोजायला तरी कधी लागणार? मी सत्तरी ओलांडली आहे, त्या रस्त्यावरून कदाचित जाणार नाही. पण पुढच्या वेळी कोणा मामाला फोनवर "आलोच" म्हणावे लागले, तर ते खरे असावे, इतकेच.