अभ्यासालाही सावड हवी

पेरणी तोंडावर आली आणि घरात माणसे कमी पडली की आपला शेतकरी सावड करायचा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकाकडे एकच बैल, दुसऱ्याकडेही एकच, मग दोघे वारंगुळा करायचे आणि दोघांचीही रानं वेळेत उरकायची. यात उपकाराची भाषा नसे. घेतलेला दिवस फेडायचा, एवढाच हिशेब. ट्रॅक्टर आला तशी ही रीत मागे पडली. पण मुलांच्या गृहपाठाला ती आज लागू करण्याची वेळ आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिंपळे सौदागरचेच पाहा. पवनेकाठचे हे शेतीचे गाव. आज तिथे पिकांच्या जागी इमारती उभ्या आहेत. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या आधाराने मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा चहूकडून कुटुंबे आली. त्यांची मुले आपल्या मुलांच्या शेजारी बसतात. संध्याकाळी बाप दुसऱ्या पाळीला, आई कामावरून दमून आलेली. गृहपाठ कोणाला विचारायचा? ज्याला परवडते तो क्लास लावतो. बाकीची पोरं सकाळी शाळेत दुसऱ्याची वही समोर धरून भराभर उतरवून काढतात. वही भरते, डोके रिकामेच राहते. दोन-तीन वर्षे असेच चालले की पोरगं म्हणतं, मला शाळाच नको. खरे नुकसान इथे आहे.

वास्तविक प्रत्येक मुलाच्या दावणीला एखादा बैल असतोच. गावच्या मुलाचे मराठी पक्के असते, पण हिंदीत गाडी अडते. बिहारकडून आलेल्या मुलाला हिंदी सोपे जाते, तो मराठीच्या जोडाक्षरांत अडखळतो. शेतकऱ्याच्या मुलीला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे घरीच कळलेले असते. तिने क्षेत्रफळ समजावले तर ते कोणाच्याही डोक्यात बसेल. १०:२६:२६ खताच्या ५० किलोच्या गोणीत नत्र ५ किलो, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १३ किलो. शेकडेवारीचे याहून सोपे उदाहरण कोणते? तिला इंग्रजी जड जात असेल, तर ते दुसऱ्याने द्यावे.

ही कल्पना काही परकी नाही. १७९० च्या दशकात मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश धर्मोपदेशक काम करत होते. देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. ती पद्धत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि मुलांनीच मुलांना शिकवायचे अशी घडी बसवली. १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढले आणि इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून, कामे वाटून घेऊन शिकली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मुलांनी मुलांना शिकवावे, मात्र ते स्वेच्छेने आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, असे म्हटले आहे.

काही पालक विचारतील, माझ्या हुशार पोराचा वेळ दुसऱ्यासाठी का घालवायचा? त्यांना विहीर आठवावी. उपसा होत राहिला की झरे मोकळे राहतात, नुसते साठलेले पाणी शेवाळते. दुसऱ्याला समजावताना आपल्याला कुठे कळलेले नाही ते आधी उघडे पडते. शेतीशाळेत आम्हाला हेच दिसते. आमच्या भाषणापेक्षा शेजाऱ्याने बांधावर उभे राहून सांगितलेले शेतकऱ्याला लवकर पटते, आणि सांगणाराही पुढच्या हंगामात अधिक काळजी घेतो.

मात्र सावडीचे नियम पाळावे लागतील. एका आळीतल्या किंवा चाळीतल्या चार-पाच मुलांचा गट करावा. प्रत्येकाकडे एक विषय सोपवावा. वही कोणी कोणाला द्यायची नाही. रीत समजावून सांगायची, आकडे बदलून नवे गणित घालायचे आणि ते ज्याचे त्याने सोडवायचे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गटात नुसता घेणारा कोणी नसावा. जो अभ्यासात मागे आहे त्याच्याकडे धडा मोठ्याने वाचणे, पाढे म्हणवून घेणे, चित्रकला, काहीतरी द्यावेच. नेहमी मागावे लागले की पोर लाजते, आणि लाजले की विचारणेच बंद करते.

जागा आणि वेळ देणे हे मोठ्यांचे काम. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांचा अभ्यास सुरू. त्याला कोणते मोठे अनुदान लागले? गाव करील ते राव काय करील, म्हणतात ते उगाच नाही. खेड-चाकण भागातल्या ग्रामपंचायतींनी समाजमंदिराची किंवा शाळेची एक खोली आणि दोन दिवे तासभर द्यावेत. शहर हद्दीतल्या सोसायट्यांनी आपला रिकामा हॉल उघडावा आणि तो धुणी-भांडी करणाऱ्या बाईच्या मुलालाही खुला ठेवावा. मुलींना अंधारात एकटे परतावे लागू नये, हे पाहावे. गुरुजींनी आठवड्यातून एकदा वह्यांवर नजर टाकावी.

जूनमध्ये शाळा उघडतात त्याच सुमारास आपण पेरणीला लागतो. बियाणे-खतांची तजवीज आपण आधी करतो. पोरांच्या अभ्यासाची तजवीजही त्याच बैठकीत व्हावी. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय सरपंच आणि ग्रामसेवकांनी जरूर घ्यावा.