गाडी विकली, पण जबाबदारी सुटली काय?

22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मोटारींवरील जीएसटीचे दर बदलले. लहान गाड्यांवर 28 टक्के आणि वर उपकर होता, तो थेट 18 टक्क्यांवर आला. मोठ्या गाड्यांचा उपकर रद्द होऊन सरसकट 40 टक्के झाला. सणासुदीचे दिवस, पानभर जाहिराती, शोरूमसमोर रांगा. सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेतली. परंतु ज्याने चार वर्षांपूर्वी जुन्या दराने कर भरून, कर्ज काढून गाडी घेतली आणि आता ती विकायला काढली आहे, त्याचे काय झाले, याची चर्चा कुणी केली नाही. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो. नवी लाखभर रुपयांनी उतरली की जुनी एका रात्रीत त्याच प्रमाणात पडते. त्याची नुकसानभरपाई कोणत्याही कायद्यात नाही आणि ती मागताही येणार नाही. पण बाजार कुणामुळे पडला हे तरी विकणाऱ्याला कळले पाहिजे.

या पडझडीत सर्वांत आधी चेपली जाते ती हौशी माणसाची गाडी. वॅगन-आर किंवा जुनी इनोव्हा विकायला काढा, संध्याकाळपर्यंत दारात चार दलाल उभे. पण ज्याने ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवून, केवळ गाडी चालवण्याच्या आनंदासाठी एखादी टर्बो पेट्रोल गाडी घेतली, त्याला आठ-आठ महिने गिऱ्हाईक मिळत नाही. वाचक विचारतील, असल्या शौकाची चर्चा या स्तंभात कशाला? एक तर अशी गाडी घेणारे सगळे बंगलेवाले नाहीत. पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, वाळूज येथे नोकरी करणाऱ्या, घराण्यात पहिल्यांदा चारचाकी आणणाऱ्या तरुणांनी त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतल्या आहेत. आणि दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पडेल भावाची गाडी घाईने विकताना जे कागद अर्धवट राहतात, त्यांचा हिशेब पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चुकता होतो. तिथे समोर उभी असते ती रस्त्याने पायी चालणाऱ्या माणसाची विधवा.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. पुण्याजवळ रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये तिथून ‘अबार्थ पुंटो’ नावाची गाडी बाहेर पडली. 1368 सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या आत. त्या काळी एवढ्या पैशांत एवढी ताकद दुसरी कोणतीच कंपनी देत नव्हती. गाडी चार मीटरच्या आतली, पण पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या वरचे, म्हणून लहान गाडीची करसवलत तिला कधी मिळालीच नाही. पुढे बीएस-6 चे निकष लागू होण्याआधीच फियाटने पुंटो आणि लिनिया गुंडाळल्या. कारखाना सुरूच राहिला; आता तिथे जीप तयार होते. मागे राहिला तो गाडीचा मालक.

इथे एक मौजेची गोष्ट आहे. त्याच रांजणगावचे 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन फियाटने टाटांना पुरवले आणि तेच इंजिन मारुतीने स्विफ्टमध्ये बसवले. त्यामुळे डिझेल पुंटोच्या इंजिनाचे सामान आजही तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडे निघते. टर्बो पेट्रोल इंजिन मात्र मोजक्याच गाड्यांत बसले. नाव एकच, कारखाना एकच, पण एकीचा पार्ट टपरीवर मिळतो आणि दुसरीच्या पार्टसाठी दिल्ली-कोइम्बतूरला फोन लावावे लागतात. खरेदीदाराला हे माहीत असते. तो गाडी पाहून खूश होतो, चालवून अधिकच खूश होतो आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून निघून जातो.

म्हणजे जुन्या हौशी गाडीचा भाव इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. तो सुट्या भागांवर ठरतो. याच वर्गातली फोक्सवॅगन पोलो जीटी चाकणला बनत होती. 2022 मध्ये तीही बंद झाली, तरी तिला आजही बरा भाव आहे, कारण कंपनी देशात आहे आणि तिची वर्कशॉप उघडी आहेत. स्कोडाने ऑक्टोबर 2025 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस ही गाडी 49.99 लाखांना आणली. आयात केलेल्या शंभरच्या शंभर गाड्या खपल्या. हौसेला भारतात बाजार नाही असे म्हणता येत नाही. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा फिगो आणि फिएस्टावाल्यांची झोप उडाली ती याच कारणाने.

सुट्या भागांची ही कोंडी निव्वळ नैसर्गिक नाही. होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या तीन कंपन्यांविरुद्ध 2011 मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू दिली जात नाही, हा आरोप. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि ऑगस्ट 2014 मध्ये आयोगाने फियाटसह 14 कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. नंतर प्रकरण अपिलांच्या फेऱ्यांत गेले. ज्या ग्राहकाच्या नावाने हे सर्व झाले, त्याच्या गॅरेजला त्या निकालाने एक ब्रेक पॅडसुद्धा स्वस्त मिळाला असेल, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे. कंपनीने मॉडेल बंद केल्यानंतर किती वर्षे सुटे भाग पुरवले पाहिजेत, असे ठणकावून सांगणारा कायदा हवा. दुरुस्तीच्या हक्काची भाषा केंद्र सरकारने 2022 पासून सुरू केली. भाषेच्या पुढे ती गेली पाहिजे.

आता विकणाऱ्यांचीही चूक सांगितली पाहिजे. हौशी माणूस गाडी जशी घेतली तशी ठेवत नाही. सायलेन्सर बदलतो, इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेतो, रुंद टायर बसवतो. यावर लाख-दीड लाख खर्च करतो आणि विकताना तो खर्च वर मागतो. बाजार तो देत नाही. उलट कापून घेतो. कायदा तर त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी के. जयचंद्र प्रकरणात हे स्पष्टपणे सांगितले. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा मूळ सायलेन्सर आणि मूळ चाके माळ्यावर पडली असतील तर ती काढा, बसवा, आणि मग गाडी दाखवा. बदललेले सामान वेगळे विकले तर दोन पैसे जास्तच येतात.

2025 मध्ये या बाजारावर आणखी दोन आघात झाले. पहिला 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. या मिश्रणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज या मिश्रणामुळे सहा ते सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच दिला होता. दहा वर्षे जुन्या टर्बो गाडीचे गिऱ्हाईक म्हणूनच आता पहिला प्रश्न रबरी नळ्या आणि सील यांविषयी विचारते. दुसरा आघात दिल्लीचा. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना तिथे इंधनच द्यायचे नाही, असा फतवा 1 जुलै 2025 पासून लागू झाला आणि काही दिवसांत थांबवावा लागला. 12 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांवर सक्तीची कारवाई थांबवली. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. या उलटसुलट निर्णयांत तिथल्या मालकाने लॉरा, जेट्टा यांसारख्या चांगल्या डिझेल गाड्या मिळेल त्या भावाला काढल्या. त्या एनओसी घेऊन इकडे येतात आणि महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांचा भाव आणखी पाडतात. स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने इथला मोटार वाहन कर आणि बारा महिन्यांच्या आत नवा नोंदणी क्रमांक घेण्याचे बंधन आधी हिशेबात धरावे.

अशा वेळी, महिनोन् महिने गाडी दारात उभी राहून कंटाळलेल्या मालकाकडे एखादा दलाल येतो. रोख मोजतो. म्हणतो, “साहेब, टीटी फॉर्मवर फक्त सह्या करून द्या, नाव मी लावून घेतो.” फॉर्म 29 आणि 30 वर घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. यालाच बाजारात ओपन टीटी म्हणतात. दलालाचा यात सरळ फायदा आहे. त्याला मध्ये स्वतःचे नाव चढवावे लागत नाही. मालकाला वाटते, गाडी गेली, ब्याद गेली.

गाडी जाते, ब्याद जात नाही. कलम 50 म्हणते की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत, परराज्यात विकली तर 45 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवले पाहिजे. घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंद मागितली पाहिजे. नोंद झाली नाही तर मालक कोण? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिले. नोंदणीकृत मालकाने गाडी 2007 मध्ये विकली होती. नंतर ती हातोहात अनेकांकडे फिरली. 2009 मध्ये तिने अपघात केला, त्यात एक जीव गेला. विमा नव्हता. आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याचेच. न्यायालयाने कलम 2(30) मधील व्याख्येवर बोट ठेवले आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या, नोंदणीकृत मालकावर टाकली.

हा निकाल ऐकून पक्षकार चिडतात. ‘दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचे पैसे मी का भरू?’ चिडणे स्वाभाविक आहे. पण निकाल योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा कमावता माणूस रस्त्यावर गेला, त्या कुटुंबाने कागदोपत्री नसलेल्या चार मालकांचा शोध कुठे आणि कोणत्या पैशाने घ्यायचा? त्यांच्या हाती फक्त नंबर प्लेट असते. त्या नंबरवरून जे नाव निघते त्याला उत्तरदायी धरणे, हाच दुर्बलाच्या बाजूचा अर्थ आहे. विमा चालू असेल तर कलम 157 प्रमाणे तो घेणाऱ्याकडे गेल्याचे मानले जाते आणि भरपाईचा भार विमा कंपनी उचलते. परंतु तिसऱ्या-चौथ्या हातातल्या पडेल भावाच्या गाडीचा विमा चालू असणे हीच विरळ गोष्ट. स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत धोका दुप्पट आहे: ताकद जास्त आणि चालवणारा बहुधा कोवळा.

यावर एक उपाय नियमांतच आलेला आहे, फक्त तो विकणाऱ्यांना ठाऊक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यायचे. मालकाने आणि त्याने मिळून फॉर्म 29-सी द्वारे गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना द्यायची. त्या क्षणापासून तो विक्रेता मानीव मालक ठरतो आणि गाडीने काही केले तर जबाबदार तो. म्हणून भाव विचारण्याआधी दलालाला अधिकारपत्र विचारा. नसेल तर कितीही रोख मोजली तरी किल्ली देऊ नका. व्यक्तीला थेट विकत असाल तर त्याच्यासोबत परिवहन कार्यालयात अर्ज दाखल करा, त्याच्या आधारची आणि पत्त्याची प्रत ठेवा, ताब्याची तारीख आणि वेळ लिहून सही घ्या आणि नव्या नावाचे आरसी दिसेपर्यंत काही रक्कम हातची राखून ठेवा. कर्जाचा बोजा आधी उतरवा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावून घ्या, नाहीतर नावबदलाचे काम तिथेच अडते. आणि पाच वर्षे दावा न केल्याबद्दल मिळालेली विम्यातील 50 टक्क्यांची सवलत तुमची आहे, गाडीची नव्हे. तिचे पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या.

डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर 18 टक्के कर लावला, तेव्हा ‘तोट्यात विकली तरी कर’ अशी आवई उठली होती. ती निराधार आहे. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. स्वतःची घरगुती गाडी दुसऱ्याला विकणाऱ्या नोकरदाराला तो लागू नाही. दलाल मात्र आजही ‘जीएसटी कापावा लागेल’ म्हणून विकणाऱ्याच्या रकमेतून पैसे वळते करतात. हा कर त्याच्या नफ्यावर आहे, त्याने भरायचा आहे, हे त्याला तोंडावर सांगा.

परिवहन खात्याला मात्र एक विचारावेसे वाटते. अधिकृत विक्रेत्याला गाडी दिली की संगणकावर एका सूचनेने जबाबदारी सरकते. मग सर्वसामान्य मालकाने कलम 50 खाली विक्रीची सूचना दिली, तर ‘विक्री झाली, नावबदल बाकी’ एवढा शेरा त्याच दिवशी नोंदीवर का चढू नये? शेरा चढला की विम्याचे नूतनीकरण आणि पीयूसी नव्या मालकाच्या नावाशिवाय अडवता येईल. ओपन टीटीवर फिरणारी गाडी वर्षभरात आपोआप उघडी पडेल. ही मागणी पुणे, पिंपरी-चिंचवड आणि छत्रपती संभाजीनगर येथील परिवहन कार्यालयांत लेखी द्यायला हरकत नाही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.