चित्र कुणाचे, इजाजत कुणाची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या मुलांसाठी आम्ही एक पुस्तिका केली. गावाभोवती दिसणारे पक्षी, चोवीस पाने, प्रत्येक चित्राखाली मराठी आणि उर्दू नाव. मोबाइलवर पक्ष्याचे नाव टाकायचे आणि चांगले दिसेल ते चित्र उचलायचे, असा आमचा कारभार. दोनशे प्रती छापल्या. पंधरा दिवसांनी एका छायाचित्रकाराचा फोन आला. खंड्याचा फोटो त्यांचा होता. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्या एका फोटोसाठी मी तीन दिवस ओढ्याकाठी बसलो होतो. निदान विचारायचं तरी."

आम्ही माफी मागितली, उरलेल्या प्रती बांधून ठेवल्या. पैसे गेले ते गेलेच. पण मुलांनी विचारले, "पुस्तक का थांबवलं?" तेव्हा तोंड लपवावेसे वाटले. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा विचारल्याशिवाय तोडू नये, हे त्यांना आम्हीच शिकवले होते!

तेव्हापासून या गोष्टीची आम्ही नीट माहिती घेतली. आज घरोघरी मुलांचे प्रकल्प होतात, शिकवणीच्या वह्या निघतात, मदरशात तक्ते लागतात, म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, फुकट दिसते ते फुकट वापरता येतेच असे नाही. बालभारतीची पुस्तके मराठीत आणि उर्दूत संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. मात्र त्यांचे हक्क मंडळाकडे आहेत, त्यातला भाग लेखी परवानगीशिवाय छापता येत नाही. वर्गात शिकवताना शिक्षकाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण पुस्तिका छापून गावभर वाटणे ही निराळी बाब झाली.

दुसरी गोष्ट आनंदाची आहे. जगात असे हजारो लोक आहेत की ज्यांनी आपले काम वापरायची इजाजत आधीच देऊन ठेवली आहे. त्यासाठी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने आहेत. ही संस्था अमेरिकेत २००१ साली सुरू झाली आणि २००२ च्या डिसेंबरात तिचे पहिले परवाने निघाले. चित्राखाली 'सीसी' ही अक्षरे दिसली की पुढची अक्षरे वाचावीत. 'बाय' म्हणजे कर्त्याचे नाव द्या. 'एसए' म्हणजे बदल करून पुढे दिलेत तर याच अटींवर द्या. 'एनसी' म्हणजे व्यापारासाठी वापरू नका. 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका. त्यात भाषांतरही आले. 'सीसी झिरो' असेल तर कोणतीच अट नाही.

चित्रांसाठी आम्ही आता 'विकिमीडिया कॉमन्स'वर जातो. २००४ साली सुरू झालेल्या या भांडारात आज कोट्यवधी चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्राच्या पानावर कर्त्याचे नाव व परवाना लिहिलेला असतो. शोधताना एक युक्ती कामाला येते. 'खंड्या' हे नाव आपल्याकडे एकाहून अधिक पक्ष्यांना लावतात. त्याऐवजी 'हॅल्सियन स्मायर्नेन्सिस' हे शास्त्रीय नाव इंग्रजी अक्षरांत टाकले की नेमका पांढऱ्या गळ्याचा खंड्या समोर येतो. गूगलवर चित्रे शोधत असाल तर 'टूल्स'मध्ये 'यूसेज राइट्स' आहे, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स निवडावे. तरीही मूळ पानावर जाऊन परवाना डोळ्यांनी पाहावा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेले चित्र मात्र छापूच नये. त्याचा धनी कोण, हे कळायला मार्ग नसतो.

गोष्टींसाठी 'स्टोरीवीव्हर' पाहावे. प्रथम बुक्सने २०१५ साली हे सुरू केले. भाषा आणि वाचनाची पायरी निवडली की चित्रांच्या गोष्टी समोर येतात, त्या उतरवून घेता येतात, छापता येतात. आमच्या घरात एक भाचा मराठी माध्यमात, त्याची बहीण उर्दू माध्यमात. दोघांनी आपापल्या भाषेतली गोष्ट वाचायची आणि जेवताना एकमेकांना सांगायची, असा आता रिवाज पडला आहे. एखादी गोष्ट उर्दूत किंवा मराठीत नसेल तर आपणच तिथे तिचा तर्जुमा करू शकतो. ज्या अम्मीला दोन्ही भाषा येतात, तिच्यासाठी हे दुपारचे उत्तम काम आहे.

नाव कसे द्यावे, असे पुष्कळजण विचारतात. चित्राखाली एक ओळ पुरते: कर्त्याचे नाव, कुठून घेतले, कोणता परवाना. चित्र कापले किंवा त्यावर काही लिहिले असेल तर तेही सांगावे. मुलांच्या प्रकल्पाच्या वहीतही ही ओळ लिहून घ्यावी. गुण मिळोत न मिळोत, सवय लागते.

यंदा आमची पुस्तिका पुन्हा निघते आहे. चित्रे सगळी परवान्याची. या वेळी मराठी आणि उर्दूबरोबर एक तिसरे नाव असेल, आपल्या घरांत बोलले जाणारे. कोकणातली दादी पक्ष्याला एका नावाने हाक मारते, सोलापूरची नानी दुसऱ्या. ही नावे कुठल्याच भांडारात मिळाली नाहीत. तेव्हा घरातल्या बुजुर्गांना विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. सांगणाऱ्याची इजाजत घ्या आणि तिचे नाव छापायचे की नाही, तेही तिलाच विचारा. पुस्तिका आम्ही 'सीसी बाय' परवान्यावर खुली करणार आहोत, म्हणजे दुसऱ्या गावच्या मुलांना ती हक्काने वापरता येईल.

त्या छायाचित्रकारांनाही आम्ही पत्र लिहिले होते. खंड्याचा तोच फोटो त्यांनी या वेळी आपणहून पाठवला आहे, वापरण्याची इजाजत लिहून.